एकदाच ओढलेली रेघ

मुलांनो, एक हात वर करा बघू. असा नाही. उत्तर येतं म्हणून वर्गात करतात तसा नाही. उंच फळीवरचा डबा काढायचाय, टाचा उचलल्यात, बोटं डब्याला लागतायत न लागतायत, तसा. केलात? आता तो हात तसाच वर ठेवा आणि कल्पना करा, की मागे काहीतरी धप्पकन पडल्याचा आवाज आला. वळून बघता तर एक मोठा तपकिरी कुत्रा जमिनीवर सपाट झालाय. कान मागे, डोळे मिटलेले, आणि त्याच्या पोटाखालून लघवीचा ओघळ फरशीच्या फटीफटीतून तुमच्या पायाकडे येतोय. तुम्ही त्याला काही केलेलं नाही. तुम्हाला फक्त डबा हवा होता. एवढी कल्पना करता आली तर पुढचं समजायला अवघड नाही, कारण काचवाल्याच्या घरी रविवारी सकाळी एवढंच झालं. स्वयंपाकघराच्या फळीवर खिळ्यांचा डबा होता, त्याने हात वर नेला आणि कुत्रा पडला. काचवाला हसलासुद्धा. 'अरे, तुला कोण मारतंय?' असं म्हणायला त्याने तोंड उघडलं, आणि मग त्याला टेबलापाशी बसलेली त्याची मुलगी दिसली. तिचा उजवा खांदा कानापर्यंत वर गेला होता. डोळे घट्ट मिटलेले होते. हातातला चमचा तिने ताटलीत ठेवून दिला होता, आणि त्याचा आवाज झाला नव्हता. तिने आवाज होऊ दिला नव्हता.

"काय झालं गं ठकू?" त्याने विचारलं.

"कुठे काय?" ती म्हणाली. डोळे उघडून, खांदा खाली घेऊन ती उठलीसुद्धा. कोपऱ्यातलं फडकं आणून फरशी पुसायला लागली. "उठा काका. काही नाही झालं. बाबाला डबा हवा होता. लाजू नका, होतं असं."

कुत्र्याला ती काका म्हणायची, आणि अहो-जाहो करायची. पंधरा दिवसांपूर्वी ते त्याला आणायला गेले तेव्हापासून. सोडून दिलेली कुत्री सांभाळणाऱ्या बाईंकडे पिंजऱ्यांची मोठी रांग होती, आणि या कुत्र्याचा पिंजरा सगळ्यात शेवटी, भिंतीकडे. सात वर्षांचा, एक कान फाटका, पाठीवर केस न उगवलेला एक लांब पट्टा. त्याची आधीची वर्षं भंगाराच्या वखारीत साखळीला गेली होती. काचवाल्याला पिल्लू हवं होतं. "पिल्लू सगळेच मागतात," बाई चष्मा पुसत म्हणाल्या, "याला कोणी मागत नाही. आणि खरं सांगते, तुम्ही नेलंत तर ते याचं तिसरं घर. दोन्हीकडून परत आलाय. आता चावला म्हणून परत आला, तर डॉक्टर त्याला झोपेची सुई देतील. मग उठायचा नाही. माझ्याकडे जागा नाही हो." मुलगी पिंजऱ्यापाशी उकिडवी बसली होती. ती म्हणाली, "आपण काकांनाच न्यायचं." काका का, तर बाईंनी सांगितलं होतं की कुत्र्याची सात वर्षं म्हणजे माणसाची पन्नासच्या आसपास. "आणि मला अरे-तुरे करतेस ते?" काचवाल्याने विचारलं, तेव्हा ती शांतपणे म्हणाली, "तू चाळीसचा आहेस बाबा. ते मोठे आहेत." तिची आई एवढी हसली की तिला गाडीला टेकून उभं राहावं लागलं. वर्षभरात ती तशी हसली नव्हती.

बाईंनी नियमांचा एक कागद दिला होता. मुलीने तो स्वयंपाकघराच्या भिंतीवर चिकटवला, आपल्या डोळ्यांच्या उंचीवर, म्हणजे काचवाल्याला वाचायला वाकावं लागायचं. पहिला महिना घरातही गळ्यात दोर असू द्या, मागे फरफटत राहू द्या. खाताना जवळ जाऊ नका. डोक्यावरून हात नेऊ नका. आणि चौथा नियम लांबलचक होता: घाबरून अंगावर येण्याच्या बेतात असेल, तर ओरडू नका. डोळ्यांत बघू नका. त्याच्यासमोर तिरके बसा, उघडा तळहात जमिनीवर ठेवा आणि वाट बघा. किती वेळ, ते त्याला ठरवू द्या. मुलगी रोज शाळेतून आल्यावर कपाटाशेजारी तशी बसायची. भिंतीकडे तोंड करून, हात मागे जमिनीवर टाकून, पुस्तकातले धडे मोठ्याने वाचत. सहाव्या दिवशी कुत्र्याने तिच्या तळहातावर हनुवटी ठेवली. ती हलली नाही. नंतर काचवाल्याला म्हणाली, "बाबा, मुंग्या आल्या होत्या हाताला. पण ते आले होते ना."

सोमवारी शहराकडे गाडी चालवताना काचवाल्याच्या डोळ्यांसमोर रस्ता नव्हता, तो चमचा होता. मागच्या चौकटीत बांधलेल्या काचा खड्ड्याखड्ड्यावर कुरकुरत होत्या आणि तो स्वतःशी म्हणत होता, दचकली. पोरं दचकतात. कुत्रा धप्पकन पडला म्हणून दचकली. पण दचकलेल्या माणसाच्या हातातून चमचा पडतो. तो असा अलगद ठेवला जात नाही. आवाज होऊ न देणं हे शिकावं लागतं, आणि ते कसं शिकतात हे त्याला ठाऊक होतं, कारण तो स्वतः शिकला होता. ताटली, पेला, कडी, चप्पल, खोकला. बाप घरात असताना कुठल्या वस्तूचा किती आवाज होतो हे त्याच्या हातांना अजून पाठ होतं. दुकानाचं शटर वर ढकलायला त्याने हात उचलला आणि क्षणभर तसाच थांबला. शेजारचा चावीवाला आपल्या स्टुलावरून म्हणाला, "काय राव, शटर धरून झोपलात की काय?" तो हसला, शटर वर गेलं, आणि आतला काचेचा थंड वास अंगावर आला.

काच कशी कापतात ते सांगतो, कारण त्याशिवाय या माणसाच्या मनात काय चाललं होतं ते कळायचं नाही. टेबलावर जाड कांबळं असतं. त्यावर काच आडवी. लाकडी पट्टी घट्ट धरायची, काच कापायच्या कलमेच्या टोकाचं बारीक चाक रॉकेलमध्ये बुडवायचं आणि एका दमात, न थांबता, या टोकापासून त्या टोकापर्यंत रेघ ओढायची. कापड फाटल्यासारखा बारीक आवाज येतो. काच तुटत नाही. लांबून बघणाऱ्याला रेघ दिसतसुद्धा नाही. मग काच उचलून खालून, बरोबर रेघेखाली, हलकी टिचकी मारायची, आणि ती त्या रेघेवर दोन होते. रेघ एकदाच ओढायची. त्याच रेघेवर पुन्हा चाक फिरवलं, तर काच वाटेल तिकडे फुटते. हे त्याला बापाने शिकवलं, आणि पट्टीच्या धारेने बोटांच्या पेरांवर मारत शिकवलं. 'एकदाच!' फट्. 'किती वेळा?' 'एकदाच.' फट्. दुसरी गोष्टही तशीच शिकवली: पडती काच धरायची नाही. हातातून सुटली की दोन्ही हात झटक्यात वर आणि एक पाऊल मागे. जी पडली ती गेली, मनगटाच्या शिरा तेवढ्या वाचतात. ती सवय त्याच्या अंगात इतकी भिनली होती की घरात पेला पडला तरी त्याचे हात वर जायचे, आणि बायको म्हणायची, "कोणी बंदूक दाखवली का?"

एकदाच. वर्षभर हा शब्द त्याने मलमासारखा वापरला होता. मुलीला त्याने एकदाच मारलं होतं. तेव्हा ते शहरात राहत होते, दुकानाच्या मागच्या खोलीत. ती आठ वर्षांची होती. तिने त्याची कलम घेतली आणि गिऱ्हाइकाच्या मोठ्या आरशावर एक सूर्य काढला. डोळे, नाक, सगळीकडून किरणं, आणि हसू. तो आत आला, त्याला आरशात आपलं तोंड दिसलं आणि तोंडावर तो हसणारा सूर्य. हात कधी उठला ते त्याला कळलंच नाही. उलट्या हाताचा, कानाखाली. ती पलंगाच्या पायावर आपटली, ओठ फाटला, आणि ती रडली नाही. ते त्याला तेव्हा बरं वाटलं होतं. रडली नाही म्हणजे फार लागलं नसणार. तिची आई दवाखान्यात जखमा बांधायचं काम करायची. तिने स्वतः पोरीच्या ओठाला दोन टाके घातले, हात न थरथरता. आठ दिवस ती त्याच्याशी बोलली नाही. नवव्या दिवशी म्हणाली, "गावाकडच्या दवाखान्यात मला काम मिळतंय. घरही आहे, पुढेमागे अंगण आहे. मी आणि ती जातोय. तुला यायचं असेल तर माणूस म्हणून ये." तो गेला. तेव्हापासून त्याने बोट लावलं नव्हतं. एकदाच, तो म्हणायचा. लोकांची पोरं रोज मार खातात.

आणि आता कांबळ्यावर त्याने नुकतीच रेघ ओढलेली काच होती, छातीएवढी, आणि तो तिच्याकडे बघत उभा होता. एकदाच ओढली होती. काच अखंड दिसत होती. गिऱ्हाइकाने ती तशीच नेली असती, खिडकीला लावली असती, तिच्यातून पाऊस आणि रस्ता आणि येणारी-जाणारी माणसं बघितली असती, दहा-दहा वर्षं. मग एखाद्या दिवशी कोणाचा तरी कोपर लागला असता. फार जोरात नाही, पण बरोबर रेघेवर. कलम हातात होती. आयुष्यात कधी केलं नव्हतं ते त्याने केलं: पट्टी लावली आणि त्याच रेघेवर पुन्हा चाक फिरवलं, दाबून. जणू पहिली खोडून टाकायची होती. काच किंचाळली आणि फुटली. त्याच्या तळहातात काचेचा एक लांब सुरा शिरला, रक्त रॉकेलमध्ये मिसळून कांबळ्यावर पसरलं. चावीवाला धावत आला आणि म्हणाला, "अहो, तुम्ही? तुमच्या हातून?"

हाताला फडकं गुंडाळून तो स्टुलावर बसला आणि जे त्याने तीस वर्षं आठवलं नव्हतं ते आलं. आठवलं नव्हतं म्हणजे विसरला नव्हता. तिकडे जायचा नाही, एवढंच. बापाच्या दुकानात एक कुत्रा होता, काळा, भटका, दुकानातच वाढलेला. लहानपणी काचवाला त्याच्याजवळ झोपायचा. एके दुपारी मांजरामागे धावताना कुत्र्याने टेबलावर उडी मारली. टेबलावर एका दुकानाची दर्शनी काच होती, तीन माणसांनी उचलायची. ती गेली. बापाने कोपऱ्यातली लोखंडी पहार उचलली आणि नऊ वर्षांच्या पोराला म्हणाला, "दोर धर." पोराने धरला. हाताला दोन वेढे देऊन, घट्ट, सुटू नये म्हणून. मार कुत्र्याला बसत होता आणि धक्का दोरातून त्याच्या हातांपर्यंत येत होता. पहिले काही धक्के ओढणारे होते. मग नुसते हिसके. मग दोर सैल झाला तरी तो धरून उभाच होता, कारण सोड असं कोणी म्हटलं नव्हतं. बापाने हात धुतले आणि म्हणाला, "चल जेवायला." तो गेला. जेवलाही. पोटभर जेवला, कारण त्याला भूक लागली होती. हेच त्याने कधी कोणाला सांगितलं नव्हतं. कुत्रा मेला हे त्याने बायकोला एकदा सांगितलं होतं. जेवलो हे सांगितलं नव्हतं.

त्या आठवड्यात तो घरात हात खाली ठेवून वावरला. फळीवरचं काही हवं असलं तर बायकोला मागायचा. "दुखतोय का हात?" ती विचारायची. तो हो म्हणायचा. मुलीला काहीतरी सांगायचं असं तो रोज ठरवायचा. तिच्याजवळ जाऊन बसायचा आणि विचारायचा, "अभ्यास झाला?" ती म्हणायची, "झाला." मग दोघं कुत्र्याकडे बघायची. काहीतरी चांगलं करावं असं त्याला वाटलं, आणि त्याच्या हातांना चांगलं करायची एकच रीत माहीत होती. स्वयंपाकघराच्या खिडकीची काच ते राहायला आल्यापासून तडकलेली होती. शनिवारी त्याने शहरातून नवी काच आणली, स्वच्छ, जाड, कडा घासून गुळगुळीत केलेली. मुलीला संध्याकाळच्या उन्हात त्यातून बाहेरचं झाड दिसेल, असं काहीतरी त्याच्या मनात होतं. बायको दवाखान्यात गेलेली. जुनी काच काढून त्याने चौकट साफ केली आणि नवी दोन्ही हातांत घेऊन दारातून आत आला. खिडकीखाली कुत्रा वाडग्यात तोंड घालून खात होता.

"बाबा, थांब. काका जेवतायत," मुलगी टेबलापाशी उभी राहून म्हणाली. "नियम दोन."

"दोन मिनिटांचं काम आहे गं."

"मग दोन मिनिटं थांब ना."

"हात भरून आलेत माझे. काही नाही करत तो, ओळखतो आता मला."

तो पुढे झाला. काच तिरकी धरली, खिडकीतला उजेड तिच्यावर पडला, आणि कुत्र्याने मान वर केली तर त्याच्या वाडग्यावर एक दुसरा कुत्रा वाकलेला होता. तोही तपकिरी. तोही दात काढलेला. कुत्र्याने आपल्या सगळ्या वजनानिशी त्या तोंडावर झेप घेतली. काच काचवाल्याच्या हातांतून सुटली. पडती काच धरायची नाही. त्याचे दोन्ही हात झटक्यात वर गेले, डोक्याच्याही वर, आणि काच फरशीवर फुटून खोलीभर उडाली. त्या आवाजात कुत्र्याला काय दिसलं ते तुम्ही सांगू शकाल. वर उचललेले दोन हात, आणि खाली तो. यावेळी तो सपाट झाला नाही. तो काचवाल्याच्या मांडीला, गुडघ्याच्या वर, चावला, आणि चावून धरून ठेवलं.

दुखणं नंतर आलं. आधी आला तो पांढरा राग, इतका ओळखीचा की त्याला जवळजवळ बरं वाटलं. त्याने मुठीने कुत्र्याच्या डोक्यावर मारलं, एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा फाटक्या कानावर. जबडा सुटला. मांस फाटल्याचं त्याला जाणवलं. पँट गरम झाली, पायातल्या चपलेत रक्त उतरलं. कुत्रा काचांवरून घसरत, ठेचकाळत, कपाट आणि भिंत यांच्यामधल्या फटीत जाऊन अडकला. दोर त्याच्यामागे फरशीवर लांब पडला होता. मागच्या दाराशी फावडं उभं होतं. काचवाल्याच्या हाताने ते उचललं. लाकडी दांडा मुठीत बसला, जखमेच्या पट्टीवर घट्ट. आता हा जाणारच, त्याच्या डोक्यात कोणीतरी शांतपणे बोलत होतं, सुई मिळणारच याला, मग काय फरक पडतो. आणि त्याने स्वतःच्या तोंडून एक आवाज ऐकला, जो त्याचा नव्हता, मरून बारा वर्षं झालेल्या बापाचा होता.

"दोर धर."

मुलगी आली. पहिल्या पावलाला काचा तिच्या चपलांखाली कुरकुरल्या, मग बाकीच्या तिने जपून, आवाज न करता, मोकळ्या फरशीवर पाय ठेवत ठेवत ओलांडल्या. ती वाकली आणि तिने दोर उचलला. हाताला एक वेढा दिला. मग दुसरा. सुटू नये म्हणून. काचवाल्याने ते वेढे बघितले. फावडं डोक्यावर गेलेलं होतं, आणि खाली फटीत कुत्रा सपाट झाला होता, डोळे मिटून, पोटाखालून ओघळ सुटलेला, आणि दोराच्या या टोकाला नऊ वर्षांची पोर उभी होती. तिचा उजवा खांदा कानापर्यंत वर गेलेला होता, आणि आता डोळेही घट्ट मिटलेले होते. ही धरून ठेवेल, त्याला कळलं. मी म्हटलं म्हणून धरेल. धक्के हिच्या हातांपर्यंत येतील आणि तरी धरेल. मग मी म्हणेन चल जेवायला, आणि ही येईल, आणि जेवेल. त्याला फावडं खाली घ्यायचं होतं. त्याने हातांना तसं सांगितलं. हात ऐकेनात. ते वर होते, ताठ, आणि खाली यायला त्यांना एकच वाट माहीत होती.

मुलीने डोळे उघडले. तिने बापाच्या तोंडाकडे बघितलं नाही. तिने भिंतीवरच्या कागदाकडे बघितलं, तिच्या डोळ्यांच्या उंचीवरच्या, जरा वेळ, चौथ्या नियमाची ओळ सापडेपर्यंत. मग तिने हाताचे वेढे उलगडले, एक, आणि दुसरा. फटीशी जाऊन कुत्र्याच्या गळ्यातल्या पट्ट्याची कडी सोडवली आणि दोर फरशीवर टाकून दिला. कुत्रा कुठे गेला नाही, त्याला जायला जागाच नव्हती. ती त्याच्यासमोर आली, त्याच्या आणि फावड्याच्या मध्ये, आणि कुत्र्याकडे पाठ करून उभी राहिली. ती खाली बसली, बापासमोर, जरा तिरकी, तोंड खिडकीच्या रिकाम्या चौकटीकडे करून. स्वेटरची बाही ओढून तिने आपल्या उजव्या बाजूच्या टीचभर फरशीवरचे काचेचे कण सावकाश बाजूला सारले. मग तिथे, त्याच्या रक्ताने भरलेल्या पायापासून हातभर अंतरावर, तिने आपला तळहात उघडा करून ठेवला, आणि वाट बघू लागली.